हॅलोभाऊंचा बंद फोन

हॅलोभाऊंना खरं नाव होतं, पण ते फक्त मतपत्रिकेवर. एरवी सगळे त्यांना हॅलोभाऊच म्हणत. हे नाव त्यांना राजकारणाने दिलेलं नव्हतं. तरुणपणी त्यांचं लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. सभा कोणत्याही पक्षाची असो, व्यासपीठावर सगळ्यात आधी भाऊ चढायचे, माईकवर टिचकी मारायचे आणि विचारायचे, "हॅलो, हॅलो, मागे ऐकू येतंय का?" त्या अख्ख्या सभेत लोकांना नीट समजलेलं वाक्य बहुतेक तेवढंच असायचं. पुढाऱ्यापेक्षा या स्पीकरवाल्याचा आवाज बरा, असं कोणीतरी गमतीत म्हणालं. म्हणणारा विसरून गेला, भाऊ विसरले नाहीत.

दुकान होतं ताईच्या घराच्या पुढच्या खोलीत. ताई त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, वडिलांचं घरात असणं-नसणं सारखंच होतं, तेव्हा ताईने शिलाई मशीनवर घर ओढलं आणि भावाला वाढवलं. लग्न करून नवऱ्याच्या घरी गेली तेव्हाही भावाला बरोबर घेऊनच गेली. दाजी भला माणूस. "लोकांना बायको मिळते, मला बायकोवर मेहुणा फुकट मिळाला," असं म्हणून त्यांनी पुढची खोली रिकामी करून दिली होती.

भाऊ नगरपालिकेला उभे राहिले तेव्हा प्रचार खरा केला तो ताईने. अर्ध्या वस्तीचे कपडे ती शिवायची. दंडाचं माप घेता घेता ती हळूच विषय काढायची. टाचण्या तिच्या हातात, समोरच्या बाईला हलता येत नाही, नाही कोण म्हणणार? भाऊ नगरसेवक झाले.

निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत एक निवृत्त पोस्टमन तक्रार घेऊन आले. गटार तुंबलं होतं. भाऊंनी रुबाबात टेबलावरचा फोन उचलला, कानाला लावला, तर फोन मेलेला. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली होती, आणि ते खोदकाम भाऊंनीच मागे लागून मंजूर करून आणलं होतं. आता त्या म्हाताऱ्या माणसाला काय सांगणार? नगरसेवकाचा फोन नगरसेवकाच्याच रस्त्याने तोडला? भाऊंना लाज वाटली. या सगळ्याची सुरुवात लाजेतूनच झाली, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

रिसीव्हर कानालाच ठेवून ते म्हणाले, "हॅलो, आरोग्य खातं? मी बोलतोय. गटाराचं काय लावलंय तुम्ही? आमच्या पोस्टमनकाकांना या वयात हेलपाटे घालायला लावता? लाज नाही वाटत?"

काकांचा चेहरा असा उजळला, की भाऊ बघतच राहिले. सफाईची पाळी तशीही त्याच आठवड्यात होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. गटार साफ झालं आणि काकांनी गल्लीभर सांगितलं, "काय झापलाय हो त्यांना! माझ्यासाठी!" पुढच्या निवडणुकीत ती गल्ली एकमुखाने भाऊंची झाली. लोकांना काम व्हायला हवं असतं, पण त्याच्याही आधी आपल्यासाठी कोणीतरी ओरडायला हवं असतं, हे भाऊंना त्या मेलेल्या फोनने शिकवलं.

पुढे केबल दुरुस्त झाली, पण भाऊंची सवय दुरुस्त झाली नाही. टेबलावरचा फोन काळा, जुन्या धाटणीचा. रिसीव्हर उचलायचा, दुसरा हात सहज टेकवल्यासारखा फोनवर ठेवायचा आणि तळव्याखाली एक बोट लाइन तोडणाऱ्या कळीवर दाबून धरायचं. मग पलीकडे कोणी नसतं. तिकडे मुख्य अभियंता असो नाहीतर शिक्षणाधिकारी, भाऊ त्यांना बसल्या जागी उभे-आडवे सोलून काढायचे. समोरचा माणूस निम्मं दुःख तिथेच टाकून घरी जायचा. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, आतून चहा घेऊन येताना हे बघायची आणि लोक गेल्यावर म्हणायची, "अहो, बोटाला घट्टा पडेल एक दिवस." भाऊ हसायचे. सरकारी कचेऱ्यांतही ही गोष्ट माहीत होती. कोणी येऊन विचारलं, की आमच्या कामाचा भाऊंचा फोन आला होता ना, तर कारकून गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "आमच्याकडे नाही आला. थेट वर गेला असेल."

कशाला खोटं बोला, भाऊंनी खरी कामंही केली. ओढ्यावरचा पूल त्यांचा. मंडईचं छप्पर त्यांचं. सरकारी दवाखान्यातली बाळंतिणींची खोली त्यांनी भांडून आणली, आणि ते भांडण खऱ्या फोनवर झालं होतं. पण मागणारे हजार आणि देणारा एकटा. खरा फोन कोणासाठी आणि बोट कोणासाठी, हे ठरवावं लागायचं. ज्याच्या मागे मतं, त्याला फोन. ज्याच्या मागे नुसती गरज, त्याला बोट. असं कोणी तोंडावर म्हटलं असतं तर भाऊंनी त्याला दाराबाहेर काढलं असतं. पण हिशेब तोच होता.

नगरसेवकाचे भाऊ नगराध्यक्ष झाले आणि नगराध्यक्षाचे आमदार. ते आमदार झाल्यावर दाजींना पक्षाघाताचा झटका आला.

एक बाजू पूर्ण गेली. दाजी मोठ्या हाडापेराचा माणूस, आणि ताई चिमणीएवढी. त्यांना उठवायचं, बसवायचं, न्हाणीघरात न्यायचं, तर घरात दुसरा पुरुष हवा. मुलगा एसटीवर ड्रायव्हर होता, पण त्याची नेमणूक होती लांबच्या डोंगरातल्या डेपोत. त्याची बदली गावच्या डेपोत व्हायला हवी होती. इथले डेपो मॅनेजर ताईच्याच गल्लीत राहायचे. सगळे त्यांना डेपोसाहेब म्हणत. त्यांची बायको ताईची मैत्रीण. दुपारची कामं आटोपली, की ती मशीनशेजारच्या स्टुलावर येऊन बसायची आणि दोघी जगाची उसवलेली शिवण घालायच्या. तिच्याकरवी ताईने साहेबांना विचारलं होतं. साहेबांनी सरळ सांगितलं, की जागा एकच आहे आणि मागणारे पुष्कळ आहेत. आमदारांचा शब्द आला, तर मी लगेच करतो.

म्हणून ताई भावाच्या कचेरीत आली. आयुष्यात पहिल्यांदाच. आमदाराची बहीण, थेट आत जाऊ शकली असती. पण ती बाकावर रांगेत बसली आणि नंबर आल्यावरच टेबलासमोर उभी राहिली.

"बाबू, एक काम होतं रे," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं.

आता इथे काय झालं होतं ते ऐका. डेपोतल्या त्या एकुलत्या एक जागेसाठी भाऊंनी त्याच दिवशी सकाळी साहेबांना फोन केला होता. खरा फोन. नव्या वसाहतीच्या पुढाऱ्याचा जावई तिथे लावायचा होता, आणि त्या वसाहतीच्या मतांवाचून भाऊंचं पान हलत नव्हतं. साहेब "बरं भाऊ" म्हणाले होते. शब्द गेला होता.

भाऊंना म्हणता आलं असतं, "ताई, उशीर झाला, जागा गेली." म्हणता आलं असतं, "थांब, मी शब्द परत घेतो." समोर बाकांवर माणसं बसली होती, सगळ्यांच्या नजरा टेबलावर. सख्ख्या बहिणीचं काम आमदाराला जमत नाही, हे त्यांनी बघायचं? भाऊंनी रिसीव्हर उचलला. दुसरा हात फोनवर टेकवला. डोक्यात विचार यायच्या आधीच बोट आपल्या जागी गेलं.

"हॅलो! साहेब, मी बोलतोय. माझी बहीण उभी आहे समोर. बहीण म्हणजे काय कळतं ना? जिने मला भरवलं, ती! तिच्या मुलाची बदली... काय? जमत नाही? जमत नाही म्हणजे काय? माणूस अंथरुणाला खिळलाय तिकडे, आणि तुम्ही मला नियम शिकवता? आमदार आहे मी, तुमच्या दारातलं पायपुसणं नाही!"

भाऊंचा आवाज फुटला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, आणि ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. बाकांवरची माणसं पुढे सरकून ऐकत होती. भाऊंनी रिसीव्हर आपटला.

"कोडगा माणूस आहे, ताई. आमदारालाही जुमानत नाही. बघतो मी वरून काही होतं का."

ताईने डोळे पुसले. "राहू दे रे. माझ्यापायी एवढा संतापू नकोस, तब्येतीला बरं नाही," ती म्हणाली, आणि आली होती तशी निघून गेली.

जावई डेपोत रुजू झाला. दाजींना ताईने एकटीने उचललं, रोज, ते जाईपर्यंत. मुलाची बदली झाली ती दाजी गेल्यानंतर. तोवर ताईची पाठ वाकली होती. सुरुवातीला दुखते म्हणायची, मग म्हणायची थांबली, आणि मग पाठ तशीच राहिली. ती खुर्चीतून उठायची ती दोन टप्प्यांत. आधी गुडघ्यांवर हात टेकून अर्धी, मग जेवढी होता येईल तेवढी सरळ. भाऊ तिच्याकडे गेले, की ती त्यांच्यासाठी चहा टाकायला अशी उठायची, आणि भाऊ तेवढा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचे.

साहेबांच्या बायकोचं तर काहीच चुकलं नव्हतं. ती कापड घेऊन आली, तेव्हा ताई दारातूनच म्हणाली, "मशीन बिघडलंय." आत शिवण शिकायला येणारी मुलगी मशीन चालवत होती, त्याचा आवाज दोघींनाही ऐकू येत होता. ती बाई पुन्हा आली नाही. पुढे ती आजारी पडली आणि वारली, तेव्हा अख्खी गल्ली साहेबांच्या दारात होती. ताईने खिडकी लावून घेतली.

हे सगळं भाऊंना माहीत होतं. मग भाऊंनी काय केलं? भाऊ मंत्री झाले.

म्हणजे राज्यमंत्री. खातं मिळालं मत्स्यव्यवसायाचं. गावात धड एक तळं नव्हतं, पण दिव्याची गाडी आली, आणि लोक ती बघायलाच गर्दी करू लागले. वर्ष-दीड वर्षाने सरकार पडलं. मासे होते तिथेच होते, भाऊ घरी आले. त्यानंतर एकदा पडले, पुन्हा एकदा पडले, आणि तिसऱ्यांदा पक्षाने तिकीट दिलं ते त्याच नव्या वसाहतीच्या पुढाऱ्याला. तशात मोबाइल आले. मोबाइलला दाबून धरायला कळ नसते. शिवाय लोक हुशार झाले आणि म्हणायला लागले, "भाऊ, स्पीकरवर ठेवा ना जरा, आम्हीपण ऐकतो." स्पीकरवाल्याचा धंदा अखेर स्पीकरनेच बसवला.

भाऊंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, तेव्हा जुन्या कार्यकर्त्यांनी सत्कार ठरवला. सभागृह चांगलं भरलं होतं. पडलेल्या पुढाऱ्याबद्दल लोकांना प्रेम वाटतं, कारण आता तो काही मागणार नसतो. दोन-चार भाषणं झाली, पूल झाला, मंडईचं छप्पर झालं, मासेसुद्धा झाले. मग सूत्रसंचालक म्हणाला, "आता भाऊंच्या थोरल्या भगिनी दोन शब्द बोलतील." हे भाऊंना माहीत नव्हतं.

ताई माईकपर्यंत पोहोचली तेव्हा माईक तिला उंच पडला. कोणीतरी पुढे येऊन तो पार खाली केला.

"मला बोलता येत नाही," ताई म्हणाली. "पण एक गोष्ट सांगते. माझा माणूस अंथरुणावर होता आणि मुलगा लांब होता. मी बाबूकडे गेले. बाबू आमदार होता, पण माझ्यासाठी त्याने त्या अधिकाऱ्याला फोनवर असं काही सुनावलं, की त्याचा आवाज फुटला. डोळ्यांत पाणी आलं हो त्याच्या. काम झालं नाही. तो माणूस कोडगा होता. मी नाव नाही घेणार, इथेच बसलेत ते. पण मला कामाचं काही वाटलं नाही. आपल्यासाठी कोणी एवढं ओरडलं, त्याच्या बळावर मी ह्यांना उचललं. पाठ गेली, पण मन नाही वाकलं."

माणसं एकेक करून मागे वळली. तिसऱ्या रांगेत डेपोसाहेब बसले होते, एकटेच, मांडीवर टोपी ठेवून. ज्याला बोलावलं त्याने जावं, एवढ्या साध्या हिशेबाने आलेले.

भाऊ व्यासपीठावर मधल्या खुर्चीत होते. माईक हाताच्या अंतरावर होता. ज्या वस्तूच्या जोरावर जन्म काढला ती ही. एक वाक्य पुरलं असतं. साहेबांनी नाही म्हटलं नव्हतं, मी त्यांना विचारलंच नव्हतं, बस्स. मांडीवरचा पुष्पगुच्छ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला.

साहेब उभे राहिले. त्यांनी आधी भाऊंकडे पाहिलं. कचेऱ्यांत आयुष्य गेलेला माणूस, भाऊंच्या बोटाची गोष्ट त्यांना माहीत नसेल असं कसं होईल? त्यांना सगळं त्या क्षणी कळलं होतं, आणि त्यांना कळलं हे भाऊंना कळलं. एवढ्या वर्षांत आपल्या बायकोच्या तोंडावर दार का लागलं, याचं उत्तर त्या माणसाला आज, भरल्या सभेत, उभ्या उभ्या मिळत होतं. त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा भाऊंना वाटलं, संपलं.

"चुकलं ताई," साहेब म्हणाले. "मी तेव्हा करायला हवं होतं. मला माफ करा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालक गहिवरून म्हणाला, की आजच्या काळात असा मोठेपणा दुर्मीळ आहे. सगळे टाळ्या वाजवत होते. भाऊंनीसुद्धा वाजवल्या. पुष्पगुच्छ बाजूला ठेवून, दोन्ही हातांनी.

त्या टाळ्या भाऊंना पचल्या नाहीत. खोटे फोन पचले होते, मंत्रिपद पचलं होतं, पराभवही पचले होते. पण आपण टाळ्या का वाजवल्या, हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला नको म्हणून ते निघाले, तेव्हा वहिनीने विचारलं, "अहो, कुठे?" ते म्हणाले, "ताईकडे." तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चहाचा कप परत आत नेला.

ताई खिडकीजवळ बसून शर्टाला बटणं लावत होती. मशीन आता सून बघायची, ताईकडे काज-बटणं तेवढी उरली होती. ती खुशीत होती.

"ये रे, बस. बरं झालं आलास. काल मला झोपच लागली नाही बघ. माणूस सरळ निघाला रे तो. चारचौघांत उठून माफी मागायची म्हणजे काय खायचं काम आहे? एवढी वर्षं मी मनात धरून बसले. दुपारी जाऊन येते त्यांच्याकडे, म्हणते, झालं गेलं विसरून जा."

पुन्हा एकदा भाऊंना काही करायची गरज नव्हती. गप्प बसलं की झालं. बहिणीचं मन निवलं होतं, साहेबांनी झाकून घेतलं होतं, गाव टाळ्या वाजवून घरी गेलं होतं. भाऊ दोनदा खाकरले.

"ताई, त्या दिवशी फोन लागला नव्हता."

"कुठल्या दिवशी?"

"तू कचेरीत आलीस त्या दिवशी. मी लावलाच नव्हता. बोट होतं माझं खाली, दाबून धरलेलं. ती जागा मी सकाळीच दुसऱ्याला देऊन टाकली होती. साहेबांनी माझंच ऐकलं होतं गं. त्यांना तुझं काम मी सांगितलंच नाही."

ताईची सुई बटणाच्या छिद्रात अर्धी गेली होती, ती तिथेच थांबली. आतल्या खोलीत सुनेचं मशीन चालू होतं. भाऊंना वाटलं ती रडेल. वाटलं, लहानपणी द्यायची तशी एक ठेवून देईल, आणि दिली असती तर बरं झालं असतं. ताई त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समजून घ्यायची धडपड होती, आणि ती बघवत नव्हती.

"मग तू ओरडत कोणावर होतास?" तिने विचारलं.

विधानसभेत विरोधकांनी भाऊंना नाही नाही ते विचारलं होतं, आणि भाऊंनी कधी उत्तर चुकवलं नव्हतं. आत्ता ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले.

ताईने सुई शर्टात खोचली, शर्ट घडी करून बाजूला ठेवला आणि उठली. आधी अर्धी. भाऊंनी हात पुढे केला. तो तिला दिसला, पण तिने चौकटीला धरलं, आणि जेवढं होता येत होतं तेवढी सरळ झाली.

"ती बिचारी कापड घेऊन दारात आली होती रे," ती म्हणाली. "मशीन चालू होतं आणि मी बिघडलंय म्हणाले." मग तिने पायांनी चपला चाचपल्या.

"मी येतो बरोबर," भाऊ म्हणाले.

"नको. तू बस."

भाऊ बसले. खिडकीतून त्यांना गल्ली दिसत होती. ताई भिंतीला हात लावत, थांबत थांबत चालली होती. साहेबांच्या दारापाशी ती उभी राहिली, केस नीट केले आणि कडी वाजवली. दार उघडलं. तिने काहीतरी बोलायला सुरुवात केली, ते इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं. साहेब घाईने एक पायरी खाली उतरले, तिच्याहून उंच उभं राहायला नको म्हणून. माफी मागायला जायचं होतं भाऊंनी, आणि गेली होती ताई.